चमचाभर रस्सा

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले आहेत. घाबरू नकोस, छापखान्यात काही झालं नाही. कागद कापायच्या यंत्रावर एकतीस वर्षं काढली, पात्याने माझं नखसुद्धा नेलं नाही. आणि रविवारी घरच्या तव्याने मला धरलं. हो, तव्याने. तुझा भाऊ छप्पन्नाव्या वर्षी स्वयंपाक शिकतो आहे. पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

हिचं तसंच आहे. किरणांचे उपचार संपून तीन महिने झाले, पण घशातली गाठ हटलेली नाही. आवाज गेला तो गेलाच. गिळायला गेलं की घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, म्हणून तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पोटाला नळी बसवली आहे, तिच्यातून दिवसातून पाच वेळा मोठ्या सिरिंजने पातळ खाणं घालतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून किती दिवस ते सांगितलं, हे तुला मागेच कळवलं आहे. हिला मी सांगितलेलं नाही. पण ताई, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चारशे माणसांना जेवू घालणारी बाई ही. पातेल्यात किती उरलंय ते तिला झाकण न काढता कळतं.

बोलणं सगळं कागदावर. छापखान्यातली कातरणं मी तिला आणून देतो, त्यांचे गठ्ठे उशाशी असतात. मागच्या महिन्यात तिने एक कातरण माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, की मी बाहेरच्या पावावर आणि चहावर किती दिवस काढणार, आता एक तरी गोष्ट धड शिकावी. तिनेच निवडलं : तव्यावरचं चिकन, दाट रश्शातलं. एकच भांडं, एकच शेगडी, आणि माझ्यासारख्या अडाण्याला तेवढंच पुरे.

शेगडीजवळ स्टुलावर बसते, हातात लाकडी डाव. ओट्यावर एक ठोका म्हणजे हात लावू नका, दोन म्हणजे उलटा. मी तुकडे टाकल्याबरोबर ढवळायला गेलो, तर ओट्याऐवजी माझ्या बोटांवर ठोका बसला. तुकडा तव्याला चिकटला तर ओढायचा नाही, खरपूस झाला की तो आपणच सुटतो, असं तिने नंतर लिहून दिलं. पहिल्या वेळी बाहेरून कोळसा आणि आतून रक्त. दुसऱ्या वेळी उकळत्या रश्शात थंडगार साय ओतली आणि सगळं फाटून चोथापाणी झालं. त्यावर ती इतकी हसली, की खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नाहीच, त्यामुळे तिला ठसका लागला असं समजून मी पाठ चोळत बसलो, आणि ती आणखी हसली.

एकच गोष्ट जड जाते. झालेलं मला तिच्यासमोर बसून खावं लागतं. मी दोनदा ताट घेऊन जिन्यात गेलो, तर दार वाजवून तिने आत बोलावलं. मी चावत असतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत असते.

तुझे गुडघे कसे आहेत ते लिही. लोभ आहेच, तो असू दे.

तुझा
ठोंब्या

*

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अ. आ. फोडांवर गार पाणी, दुसरं काही नाही. टूथपेस्ट लावली असशील तर धुऊन टाक. तुझी अक्कल मला ठाऊक आहे. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, आणि तुला अंडं उकडायला शिकवलं नाही, हा माझाच दोष. तेव्हा वाटायचं, मुलाला कशाला. आता हिने माझं राहिलेलं काम अंगावर घेतलं, तेही अशा अवस्थेत.

कामाचं लिहिते. नळीतून घालताना ती उशांना टेकून नीट उठून बसलेली असते ना? नंतर अर्धा तास तरी आडवी होऊ देऊ नकोस. नळीभोवतीची कातडी लाल झाली तर लगेच दाखव. तोंडाने खात नाही म्हणून तोंड स्वच्छ करायचं टाळू नका, उलट जास्त करायचं. तोंडातली घाण छातीत उतरते. छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं ऐक.

तिच्यासमोर खायचं जड जातं म्हणतोस. जाणारच. पण ती बोलावते तर बस. वॉर्डात मी पाहिलंय, आजाऱ्यापासून ताट लपवलं की त्याला आपण आधीच गेल्यासारखं वाटतं.

माझं येणं जमत नाही, गुडघ्यांचं निमित्त आहे. निमित्तच आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या दोघींचं कधी सूत जुळलं नाही, आणि आता अशा वेळी येऊन उभं राहायची मला लाज वाटते. तिला माझा आशीर्वाद सांग. मायेत कमी समजू नकोस.

तुझी
ताई

*

ता. २० फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. माझं अक्षर ओळखू येणार नाही, कारण मी आपल्याला कधी पत्र लिहिलंच नाही. हे छापखान्यात गेले आहेत. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई पत्र टाकतील. ह्यांना यातलं काही कळवू नये.

आपलं माझं जमलं नाही, हे दोघींनाही माहीत आहे. लग्नानंतर आपण पहिल्यांदा जेवायला आलात, तेव्हा मी केलेलं आपण ताटात बाजूला सारलंत. मी ते पुष्कळ वर्षं मनात ठेवलं. आज खरं सांगते, त्यात मीठ जास्त पडलं होतं. आपण येणार म्हणून घाबरून दोनदा घातलं.

मला किती दिवस आहेत ते मला माहीत आहे. हे डॉक्टरांशी बोलून आत आले आणि त्यांनी मला विचारलं, की पंखा लावू का. थंडीचे दिवस होते. त्याच वेळी कळलं. तेव्हापासून ते मला सांगत नाहीत आणि मी त्यांना सांगत नाही, बरं चाललंय.

चिकन आता जमायला लागलंय. तुकडे खरपूस करून बाजूला काढतात, त्याच तुपकटात कांदा लालसर करतात, लसूण घालतात, गरम पाणी घालून तव्याच्या बुडाची खरवड सोडवतात, मग टोमॅटो, मिरपूड, आणि तुकडे परत आत. झाकण. शेवटी आच काढून साय. ह्यांचा हात अजून घाबरट आहे, पण वाईट नाही.

अडचण अशी, वन्सं, की मी वासावर शिकवते. मिरी जळली, कांदा कच्चा राहिला, हे नाकाला कळतं. मीठ कळत नाही. मी तेवीस वर्षं कॅन्टीनमध्ये होते, चाखल्याशिवाय एक भांडं खाली उतरवलं नाही. ह्यांना विचारलं तर दर वेळी छान झालंय म्हणतात. दगड वाढला तरी छान म्हणतील. मला एकदा चाखायचं आहे. गिळून पोट भरायचं नाही, एक चमचा. मी कातरणावर लिहून मागितलं तर ह्यांनी ते फाडलं, आणि तेव्हापासून डाव माझ्या हातातून घेऊन लगेच धुतात. मी चोर असल्यासारखं.

मी वन्संना पत्र लिहीत नाही, वॉर्डातल्या सिस्टरांना लिहिते आहे. हे करता येईल का? येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी पुन्हा विचारणार नाही.

मला आपल्याकडून लोभ मागायचा हक्क नाही, तरी रीत म्हणून लिहिते.

आपली
भावजय

*

ता. २६ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयीस,

अ. आ. तुझं पत्र तीन दिवस टेबलावर होतं. तू स्पष्ट विचारलंस, तर स्पष्टच उत्तर देते.

चमचाभर रस्सा चुकून श्वासनलिकेत उतरला, तर तुला तेव्हा कदाचित ठसकाही लागणार नाही. दोन-तीन दिवसांनी ताप येईल, छाती घरघरेल, आणि तुझ्या अंगात आता तेवढं झुंजायचं बळ नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या वॉर्डात कोणी असं चोरून दिलं असतं, तर मी त्याला बाहेर काढलं असतं. एकदा काढलंही होतं. एका म्हाताऱ्याची बायको होती, पदराखाली चहा घेऊन आली होती. तो आठ दिवसांनी तसाही गेला, चहा न पिता. ती बाई जिन्यात कप घेऊन उभी राहिलेली मला अजून दिसते.

मी शनिवारी, ८ मार्चला येते. रविवारी त्याला करू दे. माझ्या अटी ऐक. आधी दात आणि जीभ स्वच्छ घासायची. ताठ बसायचं, हनुवटी छातीकडे. रस्सा फडक्यातून गाळलेला, अर्धा चहाचा चमचा, एकदाच. आणि ठोंब्याच्या पाठीमागे मी काही करणार नाही. त्याला मी आल्यावर सांगीन. नाही म्हणाला तर मी जेवून परत जाईन.

मीठ जास्त होतं म्हणून मी ताट सारलं नव्हतं. माझा भाऊ पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या हातचं मिटक्या मारत खात होता, ते मला बघवलं नाही. तू खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिलं.

बाकी भेटीत. तुझी हक्काची

वन्सं

*

ता. १० मार्च

ती. वन्सं यांस,

शि. सा. न. आपण सकाळी निघालात, आता दुपारचे तीन वाजले आहेत. गाडीत असाल. पत्र आपल्या आधी पोचलं तर गंमत होईल, पण तसं होत नसतं.

शनिवारी जेवणानंतर आपण भाऊ-बहीण दार लावून बोललात. भिंत पातळ आहे, ह्यांचा आवाज चढला तो ऐकला. बहिणीने बायकोला मारायचा घाट घातलाय, असंही म्हणाले. नंतर बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज आला. हे रडायचे असले की नळ सोडतात, नवीन लग्न झालं तेव्हापासून.

काल ह्यांनी तुकडे तव्यात टाकले आणि मला एकदाही डाव आपटावा लागला नाही. आपण पाहिलंत. चरचर थांबून नुसती रटरट व्हायला लागली, तेव्हा माझ्याकडे न बघता ह्यांनी आच कमी केली. ते बघून मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला; आपली गरज संपल्याचा येतो तसा. आपण गाळणीखाली वाटी धरलीत, तेव्हा हे सिंकपाशी पाठ करून उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच.

आता चवीचं. आपल्याला सांगायचं राहिलं, कारण तेव्हा कातरण हातातच भिजलं. आधी काहीच लागलं नाही. किरणांनी जीभ मेली असं डॉक्टर म्हणाले होते. मग मागच्या बाजूला, कडेला, आलं. आधी मिरी. मग खरवडीचा कडसर गोडवा. मग कांदा. सगळ्यात शेवटी मीठ, आणि ते कमी होतं, वन्सं. चांगलंच कमी. म्हणजे गेले दोन महिने हे अळणी खात होते आणि मला छान म्हणत होते. आणि आपणही काल दोनदा मागून घेतलंत आणि छान म्हणालात. खोटारडे आहात दोघंही.

ह्यांना मी कातरणावर लिहून दिलं, की मीठ दीडपट करा. काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नव्हते. ते वाचून हसू आवरेना त्यांना.

आज ताप नाही. छाती मोकळी आहे. आपण काळजी करत बसाल म्हणून मुद्दाम लिहिते. उरलेला रस्सा झाकून ठेवला आहे, हे संध्याकाळी पावाशी खातील.

पुढच्या वेळी मीठ बरोबर असेल. यावं. माझा लोभ आता आपल्यावर आहे, तो परत पाठवू नये.

आपली
भावजय

*

ता. २२ मार्च

ताई,

ही काल सकाळी सव्वादहाला गेली. गुरुवारी, १३ तारखेला ताप भरला. छातीत पाणी, मग हॉस्पिटल, मग ऑक्सिजन. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. सगळं आटोपलं. कॅन्टीनची माणसं आली होती, तुला कळवायला मला सुचलं नाही. सुचलं होतं, कळवलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, की तोंडाने काही दिलं होतं का. काय सांगायचं ते मी सांगितलं.

तू आली नसतीस तर बरं झालं असतं. मी नको म्हणत होतो. छत्तीस वर्षं तू लोकांना नियम शिकवलेस, आणि माझ्याच घरी तुला माया सुचली.

आता येऊ नकोस. पत्रही लिहू नकोस.

*

ता. ३० मार्च

चि. ठोंब्यास,

अ. आ. लिहू नकोस म्हणालास, तरी एकदा लिहिते. वाचून फाड.

तू म्हणतोस ते खरं असू शकतं. अर्धा चमचा होता, गाळलेला होता, ती ताठ बसली होती, मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवून घोट खाली गेल्याचं पाहिलं होतं. हे सगळं मी स्वतःला रोज सांगते, आणि रोज वॉर्डातली दुसरी सिस्टर माझ्या डोक्यात म्हणते, की थेंबही पुरतो. चार दिवसांनी ताप, म्हणजे हिशेब जुळतो. मी तो टाळणार नाही. डॉक्टरांना माझं नाव सांगितलं असशील, तर बरोबर केलंस. त्यांनी विचारलं तर मी येऊन सांगीन.

तुझी माफी मागते. तिची मागत नाही, तिने मागितलं ते मी दिलं. तिचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. तुला ते वाचवेल असं वाटेल तेव्हा कळव, नाहीतर माझ्याजवळच राहू दे.

जेवत जा. इतकंच. राग धरलास तरी तू माझाच आहेस.

ताई

*

ता. २ मे

ती. ताईस,

सा. न. हे पत्र मी चार वेळा लिहून चार वेळा कागद कापायच्या यंत्राखाली घातलं. पाचव्यांदा लिहितो.

मंगळवारी, म्हणजे तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी छापखान्यातून लवकर आलो. सोमवारी मला भूक नव्हती, त्यामुळे रस्सा तसाच वाटीत उरला होता. हिने मला बसवलं आणि कातरण दिलं. त्यावर लिहिलं होतं : वन्संनी मोजून दिलं, तुम्ही न मोजता द्या.

मी नाही म्हटलं. तिने तेच कातरण पुन्हा माझ्यासमोर सरकवलं. मग मीच विचारलं, की काय होईल ते तुला माहीत आहे का. तिने मान हलवली. मला माहीत आहे हे तुला माहीत आहे का, असंही विचारलं. तिने पुन्हा हलवली. म्हणजे ताई, इतके महिने आम्ही दोघांनी जे झाकून ठेवलं होतं, ते एका मिनिटात संपलं.

मी रस्सा गरम केला, मंद आचेवर, साय फाटू नये म्हणून. मीठ घातलं. तिचं तोंड घासलं, तू घासलंस तसं. गाळला, आणि चमच्याने देत गेलो. तिसऱ्या चमच्याला ती ठसकली, चेहरा निळसर झाला, मी वाटी खाली ठेवली. तिने माझं मनगट धरलं आणि वाटीकडे नेलं. पुढचं सगळं तिने संपवलं. सगळं, ताई. शेवटी वाटीतून बोट फिरवलं आणि चाटलं, कॅन्टीनमध्ये कोणी बघत नसताना करायची तसं. आणि लिहिलं, की आता जमलं.

मग गुरुवारी ताप आला.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, की माझी बहीण आली होती, ती नर्स आहे, तिने रविवारी अर्धा चमचा दिला. एवढंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, की एवढ्याशाने सहसा होत नाही, पण सांगता येत नाही. गाठ वाढलेली, बळ संपलेलं, असंही झालं असतं. मी मान हलवत राहिलो. वाटीबद्दल बोललो नाही. नंतर घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. लिहिताना माझा खरोखर विश्वास बसला होता, की तूच केलंस. आपलं पाप दुसऱ्याच्या नावावर टाकलं की झोप लागते, हे मला माहीत नव्हतं. लागते, आठ दिवस लागली. तुझं उत्तर आलं आणि मग लागेना. तू माफी मागितलीस. तीही माझी.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं. तिने स्वतः मागितलं होतं का, एवढंच विचारलं, आणि हो म्हटल्यावर मला पाणी दिलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

तुझा चमचा नव्हता, ताई. वाटी होती, आणि ती माझ्या हातातली होती. पुन्हा तो मंगळवार आला आणि तिने तसंच मनगट धरलं, तर मी पुन्हा देईन. हे खरं आहे, म्हणून लिहितो. पण तुझं नाव सांगणार नाही.

तिचं पत्र आत्ता नको. वाचवणार नाही. तुझ्याजवळ असू दे.

आजवर प्रत्येक पत्राच्या खाली लोभ असावा असं लिहीत आलो. हात चालतो म्हणून लिहायचो, तो आहेच हे धरून. या वेळी मागतो आहे. नाही म्हणालीस तरी ते कळव.

तुझा
ठोंब्या